रोज्यात भाजलेली ईस्टरची बिस्किटं

त्या वर्षी ईस्टर रमजानच्या शेवटच्या दिवसांत आला, त्यामुळे ईस्टरची बिस्किटं मी आयुष्यात पहिल्यांदा केली ती रोज्यात. म्हणजे एकही न चाखता.

मला त्याचं काही वाटलं नाही. रोज्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईला चव बघता येत नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं. मिठाचा अंदाज हाताला असतो, तिखटाचा डोळ्याला, आणि मसाला भाजला गेला की अजून कच्चा आहे ते नाक सांगतं. दुपारनंतर रिकाम्या पोटी नाक असं काही जागं होतं की शेजारच्या फ्लॅटमध्ये कांदा लागला तर त्या बाईच्या आधी मला कळतं. आमच्याकडे बायका म्हणतात, नवरा फार तापट असेल तर बायकोने जिभेच्या टोकावर कालवणाचा थेंब घेऊन लगेच थुंकून टाकला तर चालतं. आमचे हे स्वभावाने इतके गरीब की आळणी कालवणसुद्धा मुकाट्याने जेवून उठायचे. म्हणून ती सवलत मला कधी मिळाली नाही, आणि माझा हात पक्का झाला.

ह्यांची सगळी नोकरी दुबईत, रास अल खोरच्या एका गोदामात झाली, आणि माझं सगळं आयुष्य रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावात. हे गेल्यावर मुलगा मला इकडे घेऊन आला. तो आणि सून अबू धाबीत खलिफा सिटीत राहतात, विमानतळाच्या बाजूला. सून इंग्लंडची आहे. लग्न ठरलं तेव्हा मी चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. पण स्वयंपाकघरात मी कुणाला लाजत नाही. सून मला अम्मी म्हणते, माझ्याशी हिंदीत बोलते, आणि तिची हिंदी माझ्या हिंदीइतकीच मोडकी आहे, त्यामुळे आमचं बरं जमतं.

त्या वर्षी तिचे वडील, म्हणजे माझे व्याही, इकडे आले होते. थंडी सुरू होताना त्यांची बायको वारली होती. मोठं घर, मागे बाग, आणि त्यात एकटा माणूस. सुनेने हट्टाने त्यांना बोलावून घेतलं. उंच माणूस, पण खांदे कसे हँगरवर टांगल्यासारखे. पँट पट्ट्याने गोळा करून धरलेली, आणि त्या पट्ट्याला चाकूने पाडलेलं नवं भोक. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत, मला "गुड मॉर्निंग" म्हणायचे आणि जाऊन बाल्कनीत बसायचे. मी ओढणी सारखी करून मान हलवायची. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि माझी शाळा चौथीला संपली, त्यामुळे संभाषण तिथेच थांबायचं. मग संध्याकाळपर्यंत मी आत आणि ते बाहेर, मधे हॉलचा सोफा.

ते जेवत नव्हते. सून सकाळी ऑफिसला जाताना त्यांच्यासाठी सँडविच करून झाकून ठेवायची. ती परत आल्यावर ते सँडविच तसंच असायचं, फक्त ब्रेडच्या कडा वर वळलेल्या. विचारलं की म्हणायचे, घरात तुझ्या सासूबाई दिवसभर पाणीसुद्धा पीत नाहीत, त्यांच्यासमोर मी कसा खाऊ. आणि संध्याकाळी आमच्याबरोबर टेबलावर बसले की म्हणायचे, या वयात इतक्या उशिरा जड पडतं. एखादा खजूर, अर्धा कप सूप, खलास.

सुनेने मला हे सांगितलं तेव्हा ती सिंकमधे भांडी विसळत होती आणि तिची पाठ माझ्याकडे होती. ती म्हणाली, "अम्मी, पापा आपके रोजा के पीछे छुपता है."

मला ते लागलं. तिने मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, खरं तेच म्हटलं होतं. ईस्टरनंतर तीन दिवसांनी त्यांचं परतीचं तिकीट होतं. तिकडे गेल्यावर रोजा नाही, सासूबाई नाहीत, सँडविच झाकून ठेवणारंही कुणी नाही. हे गेले तेव्हा मला आठवतं, आमच्या घरात चूल पेटली नाही, शेजारणी आळीपाळीने जेवण आणायच्या आणि समोर बसून राहायच्या. मी खाल्लं ते भुकेने नाही, त्या उठत नव्हत्या म्हणून खाल्लं. व्याह्यांसमोर असं कोण बसणार? सुनेला त्यांना उन्हाळ्यापर्यंत ठेवून घ्यायचं होतं. ते म्हणत, बागेत कामं पडली आहेत.

त्याच बोलण्यात बिस्किटं निघाली. सुनेची आई दर ईस्टरला घरी बिस्किटं करायची. पातळ, गोल, कडेला लाटांसारखी नक्षी, आत बारीक काळ्या मनुका, वर साखर भुरभुरलेली. तीन-तीन बिस्किटं रिबिनीने बांधायची आणि रविवारी चर्चमधून परतल्यावर गल्लीत वाटायची. व्याही बाकीच्या वेळी गोड खात नसत, पण ही बिस्किटं डब्यातून चोरून खायचे आणि दर वर्षी पकडले जायचे. सुनेला वाटत होतं, ईस्टरच्या सकाळी ती बिस्किटं टेबलावर असावीत. आईने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. सुनेला स्वतःला ओव्हनमधे फक्त पिझ्झा गरम करता येतो, हे ती स्वतःच सांगते.

मी म्हटलं, "तू सामान सांग. मी करते."

तिने फोनवर बघून सामान सांगितलं. मैदा, लोणी, साखर, अंड्याचा पिवळा बलक, मनुका, लिंबाची किसलेली साल, दालचिनी. मी ऐकतानाच मनात हसत होते. ही तर आमची नानखटाई. आमच्या गावात ईदच्या आधी बायका नानखटाईचं पीठ मळून, पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायच्या. ट्रे बाहेर आला की आधी चिरा बघायच्या. जिच्या नानखटाईला वर सुंदर चिरा पडल्या तिची मान वर, आणि जिची सपाट बसली ती ट्रेवर फडकं टाकून लगोलग घरी. माझ्या ट्रेवर मी कधी फडकं टाकलं नाही.

तेव्हा पहिल्या खेपेला मी जे केलं ते असं. लोणी मला पाणचट वाटलं, म्हणून तूप घेतलं. तूप साखरेबरोबर परातीत हाताने फेसलं, पांढरं हलकं होईपर्यंत. अंड्याचा बलक मला पटत नव्हता, पण घातला. आणि लाटायचं वगैरे सांगितलेलं हात विसरला, त्याने आपले गोळे वळले आणि अंगठ्याने वर एकेक मनुका दाबली. ओव्हनमधून ट्रे निघाला तेव्हा चिरा अशा पडल्या होत्या की गावच्या बायकांनी उठून बघावं.

इफ्तारनंतर मी ताटली पुढे केली. मुलाने एक उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "अम्मी, नानखटाईला टोपी घातली म्हणून तिचा ईस्टर होत नाही."

सुनेने त्याला कोपराने ढोसलं. तिने दोन खाल्ली, खूप छान आहेत म्हणाली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लेकिन मम्मी का नहीं." व्याह्यांनी एक घेतलं. अर्धं तोडलं, तोंडात टाकलं, मला हसून "लव्हली" म्हटलं. बशी उचलताना मला उरलेलं अर्धं कपामागे सापडलं.

दुसऱ्या खेपेला मी हाताला ताकीद दिली. लोणी घेतलं. पीठ फ्रीजमधे ठेवून घट्ट केलं, लाटलं, स्टीलच्या वाटीने गोल पाडले. कडेच्या लाटांसाठी साचा नव्हता, मग माझ्या सामानातलं करंज्या कापायचं कातण काढलं आणि वाटीच्या कडेने फिरवलं. छान नक्षी आली. आणि दालचिनी घातली ती आमच्या वाडीतली. आमच्या परसात दालचिनीची झाडं आहेत. ती साल कागदासारखी पातळ असते, एकात एक गुंडाळलेली, आणि वास गोड, मऊ. येताना मी ती पिशवीत तांदळाच्या मधोमध घालून आणली होती आणि फक्त खिरीला वापरायची. बाजारची जाड, लाकडासारखी दालचिनी मी गोड पदार्थाला कधी लावत नाही. ती मटणाला. ती इथे लुलूसारख्या मोठ्या बाजारापासून कोपऱ्यावरच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंत, सगळीकडे पोत्याने मिळते, अरबी लोक तिला किर्फा म्हणतात. पण व्याह्यांसाठी करायचं, म्हणजे घरातलं सगळ्यात चांगलं काढायचं, यात मला विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

ही बिस्किटं बघून सुनेचा चेहरा उजळला. तिने एक नाकाशी नेलं आणि तो परत विझला. म्हणाली, शकल वही है, खुशबू नहीं.

मी विचारलं, कशी होती खुशबू? तिला सांगता येईना. दालचिनीसारखी, पण दालचिनी नाही. आई औषधांच्या दुकानातून एक लहानशी बाटली आणायची, तेलाची. त्यातले थेंब मोजून घालायची. बाटलीवर काय लिहिलं होतं ते हिने कधी वाचलं नाही, कारण ती नेहमी तिथे असायचीच. घर आवरताना बाटली रिकामी निघाली आणि हिच्या मावशीने फेकून दिली. हे सांगताना ती इतकी शांत होती की मीच उठून चहा ठेवला. व्याह्यांनी त्या दिवशी बिस्किट हातात घेतलं, वास घेतला आणि परत ताटलीत ठेवलं. तोडलंसुद्धा नाही.

तिकडे बाटली नाही, इकडे नाव माहीत नाही. सून म्हणाली, जाऊ दे अम्मी, चॉकलेटची अंडी आणू. पण बिस्किटांपुढे हार मानायला मी तयार नव्हते.

शुक्रवार आला. त्यांचा गुड फ्रायडे. सुनेला दुपारपर्यंत ऑफिस होतं, संध्याकाळी बापलेक चर्चला जाणार होते. मुलगा जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. मी इफ्तारच्या बिर्याणीचा मसाला भाजायला घेतला. लवंग, मिरी, शहाजिरं आणि ती जाड किर्फा, बोटभर तुकडे मोडून. मसाला मी मंद आचेवर भाजते, सावकाश. किर्फा तापली की आधी लाकडाचा वास येतो, मग तो तिखट होतो आणि नाकात वरपर्यंत चढतो.

मी तव्यावरून नजर वर केली तर दारात व्याही उभे.

"गुड मॉर्निंग" सकाळीच म्हणून झालं होतं. ही त्यांची यायची वेळ नव्हती. मी ओढणी पुढे ओढली. ते दारातच थांबले होते, एक हात चौकटीवर, आणि नाक असं वर धरलेलं जसं कुणीतरी लांबून हाक मारत असावं आणि ती नीट ऐकू येत नसावी. मग ते आत आले. माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा. तव्यावर वाकले. मी घाबरले, चटका बसेल म्हणून, आणि तोंडातून आमची भाषाच निघाली, "गरम आहे ते, जपून."

त्यांनी लवंग सोडली, मिरी सोडली आणि नेमका किर्फाचा तुकडा उचलला. बोटांत फिरवून नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग तांदळाच्या डब्यावर टेकले, तो डबा बसायचा नाही हे त्यांना कोण सांगणार, आणि मला म्हणाले, "माय वाइफ."

हे दोन शब्द मला येतात.

मी मसाल्याचा तवा उतरवून ठेवला. माझं डोकं आता भराभर चालायला लागलं होतं. पूड घातली तर बिस्किट काळपट होईल आणि जिभेला खरखरेल. त्यांच्याकडे तेल होतं, म्हणजे नुसता वास, चोथा नाही. मग मी जे तुपाला करते ते लोण्याला करावं. पातेल्यात लोणी घातलं, किर्फाचे तुकडे त्यात सोडले, आच अगदी वातीसारखी बारीक ठेवली. लोणी उकळू द्यायचं नाही, नुसतं निवांत ठेवायचं. वास हळूहळू त्यात उतरतो. व्याही डब्यावरून उठले नाहीत.

लोणी गाळलं. नाकाला बरोबर वाटत होतं. पण नाक आणि जीभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा वास माझ्या ओळखीचा नव्हता. माझ्या मटणाला तो किती हवा ते मला ठाऊक, त्यांच्या बायकोच्या बिस्किटाला किती हवा ते मला कुठून ठाऊक असणार? ते जिभेनेच ठरणार होतं. माझी जीभ संध्याकाळपर्यंत बंद.

मी चमच्याच्या टोकावर थोडं लोणी घेतलं, साखरेचे दाणे लावले आणि चमचा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चमच्याकडे. हाताने विचारलं, तुम्ही? मी तोंडावर बोट ठेवलं, मान हलवली आणि म्हटलं, "रोजा." आणि चमचा तसाच धरून ठेवला. मी हट्टी दिसत असेन. मला माहीत होतं ते काय म्हणणार, तुमच्यासमोर मी कसं खाऊ. पण मी खायला सांगत नव्हते. चव बघायला सांगत होते. ते काम होतं, आणि त्या घरात ते करू शकणारा त्या वेळी दुसरा कुणी नव्हता.

त्यांनी चमचा घेतला. डोळे मिटले. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मोअर."

तुकडे परत लोण्यात गेले. परत चमचा. परत "मोअर". तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे उघडले आणि चमचा परत केला, चाटून साफ केलेला. तेव्हा मी आच बंद केली.

पीठ झालं. मी लाटायला लागले तर त्यांनी दोन बोटं पुढे केली आणि मधली फट दाखवली, इतकं पातळ. मी लाटलं. त्यांनी अजून फट कमी केली. मी मनात म्हटलं, हे ट्रेवरून उचलताना तुटणार. पण बिस्किट त्यांचं होतं. पहिली खेप भाजून बाहेर काढली, वरून अंड्याचा पांढरा बलक फिरवला, साखर भुरभुरली, परत आत ठेवली. वासाने सगळं घर भरलं. तो आता बिर्याणीचा वास नव्हता. लोणी, लिंबाची साल आणि साखर यांत मिसळून तीच किर्फा अशी काही झाली होती की मी तिला ओळखलं नसतं.

त्यांना मी ट्रेच्या मधलं एक दिलं. त्यांनी अर्धं मोडलं. मी मान हलवली. ओव्हनकडे बोट केलं, हवेत गोल काढला, कडेला बोट लावलं, मधे लावलं. म्हणजे कडेचा भाग आणि मधला भाग वेगळा भाजतो, अख्खं खाल्ल्याशिवाय कसं कळणार. त्यांनी अख्खं खाल्लं. मग मी कडेच्या रांगेतलं एक दिलं, कारण ओव्हन एका बाजूने जास्त तापतो. हे खरंच आहे, तो तापतो. मग मागच्या रांगेतलं. मागच्या रांगेचं तितकंसं खरं नव्हतं.

ते खात होते. डब्यावर बसून, मांडीवर साखर सांडत, लहान मुलासारखे नाही तर काम करणाऱ्या माणसासारखे, मन लावून. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि बिर्याणीचं मटण ढवळायला घेतलं. माझ्या मनात आलं की आता थांबायचं कशाला. मी वाटीत थोडा रस्सा घेतला, त्यात भाकरीचा तुकडा बुडवला आणि वाटी त्यांच्या हातात दिली. "नमक?" म्हणून विचारलं.

पहिल्या घासाला त्यांना ठसका लागला. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. मी पाणी दिलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पाणी पिऊन परत भाकरी बुडवली, आणि अंगठा आणि बोट जुळवून हवेत चिमूट सोडली. मीठ कमी आहे. मी मीठ घातलं. खरं सांगायचं तर मीठ बरोबर होतं. पण त्यांनी सांगितलं आणि मी घातलं.

सून दुपारी आली तेव्हा पर्स खांद्याला तशीच लटकवून दारात उभी राहिली. आपला बाप तांदळाच्या डब्यावर, हातात रश्श्याची वाटी, शर्टावर मैदा. त्यांनी तिच्याशी बोलायला सुरुवात केली आणि बोलतच राहिले. आल्यापासून सगळ्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून इतके शब्द ऐकले नव्हते. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा त्यांच्याकडे. तिने एक बिस्किट उचलून नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. मग तसंच पाठमोरं राहून नाक पुसत म्हणाली, "अम्मी, पापा बोलता है बिर्याणी में नमक कम था. और आप बिस्किट पतला करने को डरती है."

मी म्हटलं, "सांग त्यांना, घाबरत नाही. माझ्या हाताला अंगापेराने भरलेलं बिस्किट आवडतं."

तिने ते कसं सांगितलं कुणास ठाऊक, पण व्याही हसले. आवाज करून हसले.

नंतर तिने फोनवर शोधून मला वाचून दाखवलं की त्यांच्या भागात त्या बिस्किटांत जे तेल घालतात ते याच जाड सालीचं असतं. म्हणजे मी चांगली म्हणून आमच्या वाडीतली पातळ साल घालत होते आणि त्यांना हवी होती ती मटणाची. माझ्या वाडीतल्या दालचिनीला यात कमीपणा नाही. ती खिरीलाच.

रविवारी सकाळी चर्चमधून आल्यावर त्यांनी चहाबरोबर बिस्किटं खाल्ली. मी समोर होते आणि त्यांनी माझ्याकडे ओशाळून बघितलं नाही. मग तीन-तीनच्या चळती रिबिनीने बांधून ते स्वतः मजल्यावर वाटायला निघाले. समोरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईने रोजा आहे म्हणून ती इफ्तारसाठी ठेवून घेतली आणि त्यांना बसवून इंग्रजीत लेकीच्या लग्नाची सगळी हकीकत सांगितली. मुलगा म्हणाला, आता यांना रोज पाठवू, शेजाऱ्यांची नावं तरी कळतील.

सोमवारी सुनेने सुट्टी घेतली होती. तिने मला विचारलं, तिकिटाचं मी बोलू का? ती घाबरत होती, की विचारलं तर ते नक्की नाही म्हणतील. मी म्हटलं, दुपार होऊ दे. दुपारी मी कोलंबीचं कालवण ठेवलं आणि बाल्कनीच्या दारात जाऊन उभी राहिले. हातात चमचा होता. ते उठून आले. वाटीभर चाखलं, भाकरीबरोबर, आणि या खेपेला मीठ बरोबर निघालं. डब्यावर बसल्या बसल्या त्यांनी सुनेला विचारलं, ईद कधी आहे? ती म्हणाली, चांद दिसला की. त्यांना ते पटेना. कुठल्या तारखेला? ती म्हणाली, कुणालाच माहीत नाही पापा, आदल्या संध्याकाळी कळतं. मग ते म्हणाले, तोपर्यंत यांना चव कोण बघून देणार? आणि तिकीट पुढे ढकलायला त्यांनीच सांगितलं.

ईद झाली. त्यांनी शीरखुर्मा दोन वाट्या घेतला. घरात सगळे खुश होते आणि मला एकटीला काळजी लागली होती. रोजे संपले, आता माझी जीभ मोकळी झाली. आता मला चव बघणारा माणूस नको. दुसऱ्या दिवशी ते दुपारी दारात आले, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी चहाचा कप तोंडाला लावलेला होता. ते बाल्कनीत परत गेले. संध्याकाळी त्यांनी थोडंच खाल्लं.

ईदनंतरच्या महिन्यात सहा रोजे ठेवायचे असतात. सक्तीचे नाहीत, पण मोठं पुण्य मानतात. मी दर वर्षी ते ईदच्या पाठोपाठ सलग ठेवून मोकळी होते, कारण शरीराला सवय असते तेव्हाच सोपं जातं. त्या वर्षी मी ते सलग ठेवले नाहीत. एक ठेवला, मग दोन-चार दिवस गेले, मग दुसरा. कधी सोमवार, कधी गुरुवार. मुलाला कळेना, म्हणाला, अम्मी, असे तुकडे का पाडतेस, यल्ला, चल, एकदाचे संपव. मी म्हटलं, वय झालं आता, झेपत नाही. नियत माझी अल्लाहसाठीच होती, त्यात मी खोट ठेवली नाही. दिवस तेवढे मी निवडले.

रोजा असला की सकाळीच मी चमचा ओट्यावर काढून ठेवायची. व्याही "गुड मॉर्निंग" म्हणायला आले की त्यांना तो दिसायचा आणि ते विचारायचे, "रोजा?" मी म्हणायची, "रोजा." मग ते बाल्कनीत न जाता डब्यावर बसायचे आणि कांदे सोलायला मागायचे. रोजा नसलेल्या दिवशीसुद्धा पुढे पुढे ते येऊन बसू लागले, आणि मी चहा पीत असले तरी वाटी त्यांच्या हातात जायची. पाचव्या रोज्यानंतर एका सकाळी मी नमाज आटोपून बाहेर आले तर ते गॅसपाशी उभे होते, तव्यावर दोन अंडी फोडलेली, ब्रेड भाजलेला. त्यांनी मला विचारलं नाही की मी उपाशी आहे का. मीठ टाकलं, मिरी टाकली, ताट घेऊन टेबलावर बसले आणि सगळं खाल्लं.

सहावा रोजा मी त्या आठवड्यातच उरकून टाकला.